आधी विसावा, मग कामं: आमच्या शनिवार-रविवारच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, २८ जून २०२५

आज चौथा शनिवार, बँकेला सुट्टी. शाळा नुकत्याच उघडल्यात. उन्हाळ्याचे पाहुणे आपापल्या गावी गेले, लोणचं बरणीत बसलं, गहू भरून झाला. विदर्भात वर्षाची घडी खरी इथूनच बसते, म्हणून नोंदी सुरू करायला हीच वेळ बरी.

प्रकल्प काय ते आधी लिहिते. महालक्ष्म्यांपर्यंत, म्हणजे गणपतीतल्या ज्येष्ठा गौरींपर्यंत, घरातले शनिवार-रविवार असे बसवायचे की सोमवारी सकाळी पाचही जणांच्या अंगात जीव असेल, घरची कामं तुंबलेली नसतील आणि आठवड्यातून एकदा तरी सगळे निवांत एकत्र बसलेले असतील. दोन दिवसांत एवढं मावत नाही असं जो तो म्हणतो. मला ते पटत नाही. कुठली गोष्ट आधी मांडायची यावर सगळं अवलंबून आहे असं मला वाटतं, आणि तेच तपासायचं आहे.

पहिली अडचण म्हणजे सुट्ट्या जुळत नाहीत. बँकेत मला दुसरा आणि चौथा शनिवार मिळतो, २०१५ च्या सप्टेंबरपासून तीच पद्धत आहे. बाकीचे शनिवार पूर्ण दिवस काम. नवरा बुटीबोरीला कारखान्यात. त्याची सुट्टी रविवारची, पण काम चढलं की रविवारीही बोलावणं येतं आणि बदली सुट्टी मिळते. १९४८ च्या कारखाना कायद्यात तशी सोय आहे: रविवारी काम घेतलं तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत एक पूर्ण दिवस सुट्टी द्यायची, आणि सलग दहा दिवसांच्या वर कुणाला सुट्टीशिवाय राबवायचं नाही. मोठी आठवीत, शनिवारी तिची सकाळची अर्धी शाळा. धाकटा तिसरीत. आणि सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच आई म्हणतो. त्यांना सुट्टीचा वारच नाही.

समोरच्या घरातल्या ताई राज्य सरकारच्या कार्यालयात आहेत. २९ फेब्रुवारी २०२० पासून त्यांना पाच दिवसांचा आठवडा, म्हणजे दोन्ही दिवस मोकळे. तरी रविवारी संध्याकाळी त्या पायरीवर बसतात तेव्हा पाठ धरलेली असते. तेव्हा नुसते दिवस वाढले की भागतं असंही नाही.

रविवार, २९ जून

सकाळी फ्रिजवर एक मोठा कागद लावला. दिवसभरात ज्याला जे घरकाम आठवेल ते त्याने लिहायचं, मग ते कुणीही करत असो. आई म्हणाल्या, "काहून एवढं लिहून राहिली? काम आलं का करायचं, झालं." पण दुपारपर्यंत सगळ्यात जास्त कामं त्यांनीच सांगितली. दळण, गव्हात अळी झाली का ते पाहणं, लोणच्यावर तेल आहे का ते पाहणं, दुधाचा हिशेब, देवाची भांडी, सिलिंडर नोंदवणं, भांडेवाल्या ताई येणार नाहीत त्या दिवसाची सोय. मोठीने शाळेच्या मोज्यांपासून वह्यांच्या कव्हरांपर्यंत लिहिलं. नवऱ्याने गाडीची हवा आणि विजेचं बिल लिहिलं. मग तो बराच वेळ कागदासमोर उभा राहिला.

रात्री सगळ्यांनी मिळून कागद वाचला आणि एक गोष्ट लख्ख दिसली. काम करणारे हात आमच्या घरात चार-पाच आहेत. चक्कीवर धाकटासुद्धा जातो. पण पीठ तळाला गेलंय हे डब्यात डोकावून बघणारी माणसं दोनच, आई आणि मी. म्हणून कागदावर दुसरा रकाना पाडला: "आठवण कोणाची?" तो भरला तेव्हा खाली खाली आमचीच दोन नावं येत गेली.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. हा आकडा मी नवऱ्याला वाचून दाखवला, भांडायला म्हणून नाही. ही गोष्ट आमच्या एका घराची नाही, देशभराची आहे हे कळलं की बोलणं सोपं होतं. तो म्हणाला, "मग सांग ना, काय करायचं ते." मी म्हटलं, तेच तर. सांगावं लागणं हेही एक काम आहे, आणि यापुढे तेसुद्धा वाटून घ्यायचं आहे.

शनिवार, ५ जुलै

बँक होती, घरी यायला उशीर. उद्या आषाढी. साबुदाणा मोठीने भिजत घातलेला होता, कुणी न सांगता. आजची नोंद एवढीच, पण माझ्या लेखी या आठवड्यातली हीच मोठी गोष्ट.

रविवार, ६ जुलै

फ्रिजवरच्या कामांचे दोन भाग केले. काही कामांना त्यांचं स्वतःचं घड्याळ असतं, ती पुढे ढकलता येत नाहीत. बाकीच्यांना घड्याळ नसतं, आपण उगाच रविवार त्यांच्या नावावर करून ठेवलेला असतो.

घड्याळाच्या कामांत पावसाळ्यात पहिला नंबर साचलेल्या पाण्याचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंड्यातून निघून उडायला लागेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून कोरडा दिवस आठवड्यातून एकदा पाळायचा असतो, पंधरवड्याने पाळून उपयोग नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचा रिकामा ड्रम आणि नागपुरात अर्थातच कूलर. याला रविवार सकाळ ठरली. धाकटा हातात काठी घेऊन घरभर पाणी शोधत फिरतो. हे काम आता त्याचं.

पंखे, पडदे, माळा, कपाटं यांना कसलंच घड्याळ नाही. पंखे दर रविवारी पुसायची आमच्याकडे रीत होती. ती आजपासून महिन्यातून एकदा. आईंनी जरा नाक मुरडलं, पण हो म्हणाल्या.

कूलर आज काढले. एप्रिल-मेमध्ये नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा याच पत्र्याच्या पेटीवर घर जगतं. पाऊस लागला की मात्र कुणी तिच्याकडे बघत नाही. बाप-लेकीने मिळून तिन्ही ताट्या उतरवल्या. लाकडी गवत तपकिरी पडून चिकटलेलं, वरून पांढऱ्या क्षारांचे खवले. टाकीच्या तळाशी बोटभर काळा गाळ. पंपाची जाळी गच्च बसलेली. नुसतं पाणी ओतून टाकलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं. पण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. पुढच्या उन्हाळ्यात पाणी चढलं की ती पुन्हा जागी होतात. म्हणून मोठीने जुना दातांचा ब्रश घेऊन कोपरा न्‌ कोपरा घासला. गंज धरला होता तिथे नवऱ्याने पॉलिश पेपर मारून रंगाचा हात दिला. पंप कोरडा करून वर्तमानपत्रात गुंडाळला, टाकी पालथी घातली.

उपवासाचं असल्यामुळे स्वयंपाक दोन तऱ्हेचा नको म्हणून सगळ्यांनीच भगर आणि दाण्याची आमटी खाल्ली, मुलांनीही. जेवताना नवऱ्याने आपणहून सांगितलं की कूलर पूर्ण त्याचा. म्हणजे मार्चमध्ये नव्या ताट्या आणायची आठवण ठेवणंही त्याचंच. कागदावर दुसऱ्या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने नाव लिहिलं.

शनिवार, १२ जुलै

बुधवारी शहरात धो धो पाऊस झाला, शाळांना सुट्टी द्यावी लागली. आम्ही अंबाझरीच्या बाजूला राहतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडला आणि वस्त्यांत पाणी शिरलं, तोही शनिवारच होता. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की इकडची माणसं नीट झोपत नाहीत. धान्याच्या कोठ्या लोखंडी घोड्यांवर चढवणं आणि दारासमोरची नाली मोकळी करून घेणं ही दोन कामं घड्याळाच्या यादीत टाकली. गुरुवारी रात्रीच उरकली.

आज दुसरा शनिवार, पाऊसही उघडला. आईंना धापेवाड्याला जायचं होतं. चंद्रभागेच्या काठचं हे विठ्ठलाचं देऊळ म्हणजे विदर्भाची पंढरी. आषाढीनंतर तिथे मोठी यात्रा भरते, ती गर्दी ओसरल्यावर जावं असं ठरलं होतं. मोठीची शाळा बुडवायची का यावर चर्चा झाली. मी म्हटलं, एक शनिवार बुडवू, आईंची इच्छा वर्षातून एकदाच असते. सकाळी सहाला निघालो, कळमेश्वरमार्गे. दर्शन झालं, मग जवळच आदासा. टेकडीवरच्या गणपतीला जायला आई पायऱ्या चढल्या, मध्ये दोनदा टेकल्या. वरून चहूकडे हिरवीगार शेतं, कपाशीचे नुकते वर आलेले तास. धाकट्याने आजीचा हात शेवटपर्यंत सोडला नाही.

बाहेर जाण्याचा नियम आज पक्का केला. सकाळी लवकर निघायचं आणि जेवायच्या वेळेला घरी. दिवसभराच्या सहलीने मुलं खूश होतात खरी, पण त्यानंतरचा दिवस थकवा काढण्यात जातो आणि सोमवार त्यावर चढून बसतो. अर्ध्या दिवसाच्या सहलीत दुपार शिल्लक राहते. आल्यावर नवऱ्याने खिचडी टाकली, पापड भाजले. मग घरातली पाचही माणसं झोपली.

रविवार, २० जुलै

आजची नोंद मोठी आहे, कारण आराखड्याचा क्रमच आज बदलला.

आतापर्यंत आधी कामं मांडत होतो, मग एकत्र वेळ, आणि उरलाच तर विसावा. उरत नसे. घरात कामाला अंत नसतो, एक संपलं की दुसरं दिसतं. म्हणून आता कागदावर सगळ्यात आधी विसावा लिहायचा. प्रत्येकाच्या नावापुढे दोन सलग तास, वार आणि वेळ घालून. त्यानंतर सगळ्यांचं एकत्र बसणं. कामं उरलेल्या जागेत. मावली नाहीत तर ती पुढच्या आठवड्यात जातील, घड्याळाची सोडून.

त्या दोन तासांचे नियमही लिहिले. त्या माणसाला हाक मारायची नाही. त्याचा फोन दुसऱ्याकडे राहील. आणि महत्त्वाचं म्हणजे तेवढ्या वेळात घर कुणाच्या हाती आहे त्याचं नाव शेजारी लिहिलेलं हवं. दाराची घंटा, दूधवाला, धाकट्याची भूक, सगळं त्याच्या माथी. हे नाव नसेल तर माणूस पलंगावर पडलेला असतो पण कान स्वयंपाकघरात असतात. मला तो विसावा वाटत नाही.

आईंना त्यांचे दोन तास स्वीकारायला लावणं सगळ्यात अवघड गेलं. "मला कशाला? मी त घरीच असते." अखेर रविवारी सकाळी पूजेनंतर आठ ते दहा ही वेळ ठरली. त्यासाठी नाश्ता बाहेरून, तर्री-पोहे. ठेल्यावरून वाफाळते पोहे, चण्याची लालभडक तर्री वेगळ्या डब्यात, वर चिवडा. आज नवरा आणि धाकटा जाऊन घेऊन आले. तरी आई पालकाची जुडी घेऊन बसल्याच. मोठीने ती हळूच उचलून नेली आणि म्हणाली, "आजी, घर आत्ता माझ्याकडे आहे." मग त्या समोरच्या काकूंकडे गेल्या आणि दहा वाजून गेल्यावर आल्या.

जेवताना आईंच्या वडिलांचा विषय निघाला. ते एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू केलेली ती गिरणी. तिचा भोंगा झाला की त्यांच्या वस्तीची सकाळ होई. रविवारी भोंगा नसे. वडील उशिरा उठत, तेल लावून न्हात, जेवून झोपत. "आणि तुमची आई?" मोठीने विचारलं. आई म्हणाल्या, "ती कुठली झोपते? रविवारी त जास्त सायपाक राहे."

मी मुलांना नारायण मेघाजी लोखंडे सांगितले. १८८४ मध्ये मुंबईत त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सुट्टीसाठी सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० पासून तिथल्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण हातात आयती घेतो ती सुट्टी कुणीतरी वर्षानुवर्षं मागून मिळवलेली आहे. मोठी म्हणाली, मग पणजीसाठी कुणीच मागितली नाही का? माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. आईंच्या नावापुढचे ते दोन तास मात्र मी आता कुठल्याही कारणाने खोडू देणार नाही.

माझे तास शनिवारी संध्याकाळी, बँक असली तरी आल्यावर. मी वरच्या खोलीत शिवणाचं मशीन काढलं. कित्येक दिवस पडून असलेल्या सुती कापडाचा कुर्ता बेतला. शिवणं हे काम की विसावा, असं नवऱ्याने विचारलं. माझ्यापुरतं उत्तर असं की जे कुणाच्या गरजेसाठी नाही आणि अर्धवट सोडलं तरी कुणाचं अडत नाही, तो विसावा. त्याच मशीनवर धाकट्याच्या गणवेशाची शिलाई आली की ते काम.

शनिवार, २ ऑगस्ट

मागच्या रविवारी नवऱ्याला कारखान्यात जावं लागलं, बदली सुट्टी मंगळवारी, नागपंचमीला मिळाली. मुलं शाळेत, मी बँकेत. पूर्वी अशा दिवशी तो उठल्यापासून बाहेरची कामं काढायचा आणि रात्रपाळी केल्यासारखा दिसायचा. या वेळी आधी त्याचे दोन तास, मग किराणा आणि चक्की. एकत्र बसण्याची वेळ गेली होती ती मंगळवारी रात्री भरून काढली. जेवणं झाल्यावर गच्चीवर सगळे पत्ते खेळले.

दर आठवड्याचा आराखडा गुरुवारी रात्री करायचा हे यातून ठरलं. रविवारी बोलावणार की नाही ते त्याला गुरुवारपर्यंत कळतं, आणि शुक्रवारची संध्याकाळ भाजीबाजाराला हाती राहते. शुक्रवारी गोकुळपेठेतून भाजी आली आणि रात्रीच निवडून ठेवली की शनिवार सकाळ अख्खी मोकळी होते. सांभार, म्हणजे कोथिंबीर, धुऊन, कापडात गुंडाळून ठेवायचं काम धाकट्याने मागून घेतलंय.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी. नणंद वर्ध्याहून आल्या, दोन दिवस राहतील. त्यांचं नाव फ्रिजवरच्या कागदावर घातलं, विसाव्याच्या रकान्यात. माहेरी आलेल्या बाईने ओट्याशी उभं राहायचं आणि तिलाच "बस ना" म्हणत राहायचं, हे मला कधी पटलेलं नाही. दुपारी त्या आईंच्या शेजारी आडव्या झाल्या, दोघींच्या गप्पा दारापर्यंत ऐकू येत होत्या. भांडी नवऱ्याने घासली. बहिणीने भावाला भांडी घासताना पहिल्यांदा पाहिलं असावं, पण ती काही बोलली नाही, फक्त फडका घेऊन पुसायला उभी राहिली. तेवढं आम्ही चालवून घेतलं.

रविवार, १७ ऑगस्ट

शुक्रवारी स्वातंत्र्यदिन, लागून शनिवार-रविवार. मुलांना पेंचच्या जंगलात जायचं होतं, पण पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, गाभा क्षेत्र बंद असतं. फुटाळा तलावावर या तीन दिवसांत उभं राहायला जागा नसते. म्हणून आज मेट्रोची फेरी. सुभाषनगरहून बसलो, थेट प्रजापतीनगर. शंकरनगर, झाशी राणी चौक, सीताबर्डी, मग रेल्वे स्टेशनवरून पुढे पूर्व नागपूर. इतवारीकडची दाटीवाटीची कौलं, गच्च्यांवर वाळत घातलेले पापड, मध्येच एखाद्या देवळाचा कळस. आई खिडकीतून एकेक जागा ओळखत होत्या, धाकट्याला सांगत होत्या. परतताना सीताबर्डीला उतरून आलूबोंडे खाल्ले. दोन-अडीच तासांत घरी. एकत्र वेळ म्हणून मला हा प्रकार फार आवडला, कारण यात कुणालाच तयारी करावी लागली नाही.

झोपेबद्दल एक निर्णय. आठवीतल्या मुलीला आठ ते दहा तास झोप लागते, धाकट्याच्या वयाला नऊ ते बारा. शाळेच्या दिवसांत मोठीची भरत नाही. रविवारी तिला दहापर्यंत झोपू दिलं की रात्री झोप येत नाही आणि सोमवारी उठवताना रडकुंडी. म्हणून रविवारी साडेसातपर्यंत झोप आणि दुपारी हवी तर अर्धा तास. खरा उपाय म्हणजे रोज रात्री दहाला दिवा बंद. यावर तिच्याशी अजून बोलणं चालू आहे, ती पूर्ण पटलेली नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट

काल पोळा, आज तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि नागपूरच्या बाहेर असं काही पाहायला मिळत नाही. "घेऊन जा गे मारबत" या आरोळीत रोगराई, महागाई, भ्रष्टाचार सगळं बाहेर काढलं जातं, सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे छोट्या पुतळ्यांवर, त्या त्या वर्षाचे राग लिहिलेले असतात. नवरा दोन्ही मुलांना घेऊन सकाळीच महालात गेला. आई आणि मी घरी. कालच्या पुरणपोळ्या होत्या, त्यामुळे चूल पेटवलीच नाही. दोघींनी चहा घेतला आणि मी त्यांचे केस विंचरून दिले. संध्याकाळी धाकटा लाकडी नंदी सजवून गल्लीत फिरवून आला. तो नंदी नवऱ्याच्या लहानपणचा, एक चाक नवं बसवलेलं.

रात्री महालक्ष्म्यांची बैठक. आठ दिवस आधी. आईंनी यादी सांगितली, मोठीने लिहिली. प्रत्येक कामापुढे दोन्ही रकाने.

सोमवार, १ सप्टेंबर

आज महालक्ष्मीपूजन. काल ज्येष्ठा-कनिष्ठा आल्या, उद्या विसर्जन. विदर्भातल्या घरांची वर्षातली सगळ्यात मोठी कसोटी हीच. मी रजा घेतली होती.

बैठकीतला मोठा निर्णय आईंनीच घेतला. लाडू, करंज्या आणि शेव ओळखीच्या बाईंकडून करून घ्यायच्या. पुरण, आंबील आणि सोळा भाज्या मात्र घरीच. कोणती गोष्ट हाताची हवी आणि कोणती नको, हे त्यांच्याशिवाय कुणी ठरवलं असतं तर ते चाललं नसतं. त्या बोलल्या आणि विषय संपला.

शनिवारी नवऱ्याने माळ्यावरून कोठ्या आणि मुखवट्यांची पेटी काढली, मखर बांधलं. साड्या नेसवायला काल नणंद आणि मी. रात्री बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून सगळे भाज्या चिरायला बसले. गवार, दोडके, पडवळ, लाल भोपळा, भेंडी, कारलं, सुरण. धाकट्याकडे वालाच्या शेंगा सोलायला. आई मध्ये पाटावर, कशाची फोड केवढी ते सांगायला. मला वाटलं होतं की हे काम म्हणून यादीत आहे. प्रत्यक्षात गेल्या दोन महिन्यांतला एकत्र बसण्याचा सगळ्यात चांगला वेळ हाच होता. आईंनी सासरच्या पहिल्या महालक्ष्म्या सांगितल्या, पुरण पातळ झालं होतं आणि त्यांच्या सासूने ते सगळ्यांसमोर सावरून घेतलं होतं, ती हकीकत नवऱ्यानेसुद्धा पहिल्यांदाच ऐकली.

विसाव्याचे तास या दोन दिवसांत पूर्ण ठेवणं शक्य नव्हतं. खोडले नाहीत, अर्ध्या तासावर आणले. काल दुपारी आवाहनाच्या आधी, घरात दहा गोष्टी चालू असताना, आई म्हणाल्या, "माझा अर्धा तास झाला नाही अजून." आणि आतल्या खोलीत जाऊन पडल्या. दार मोठीने ओढून घेतलं. आज सवाष्णी जेवल्या, पंगती उठल्या. आई ताटावर बसल्या तेव्हा वाढायला मुलगा आणि नात होते.

रविवार, ७ सप्टेंबर

काल गणपतीही गेले. आजचा कागद कोरा ठेवला होता, फक्त पाणी ओतण्याचं काम सोडून. दुपारी झुणका-भाकरी. दुसरं काही नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

ठरवलेली मुदत संपली. गुरुवारची रात्र, आधी विसावा, घराची जबाबदारी कुणाकडे ते नाव, दोन रकाने आणि सकाळची अर्ध्या दिवसाची सहल, एवढं पुढे चालू राहील. मुलांचे हातही आता कागदाकडे आपणहून जातात. एक गोष्ट सुटलेली नाही: भांडेवाल्या ताई रविवारीही येतात. त्यांच्या सुट्टीचं आम्ही कुणीच लिहिलं नव्हतं, मोठीने विचारलं. रविवारी त्यांनी येऊ नये, पैसे तेवढेच राहतील आणि भांडी पाळीपाळीने आम्ही घासू, असं आज त्यांना सांगितलं. या रविवारपासून सुरू. पहिली पाळी माझी.

पुढचं काम दिवाळीच्या साफसफाईचं. दसरा २ ऑक्टोबरला गुरुवारी, दिवाळी त्याच महिन्यात. सगळं घर एकाच रविवारी उलथायचं नाही, दर आठवड्याला एक जागा. २७ तारखेला चौथा शनिवार, तेव्हा माळा. नवरा वर चढेल, मी खालून घेईन, काय ठेवायचं आणि काय द्यायचं ते आई ठरवतील. गुरुवारचा कागद ऑक्टोबरभर मोठी लिहिणार आहे. तिने आत्ताच एक ओळ घातली आहे: दुपारी दोनला शिडी जागेवर, कितीही राहिलं तरी.